माळ्याचा हिशेब खालून

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आणि शेजारच्या नेपियर टाउनमध्ये काही जुनी बैठी घरे अजून टिकून आहेत. दगडी जोते, नऊ किंवा साडेतेरा इंची विटांच्या भिंती, बारा-चौदा फूट उंच खोल्या, पुढे ओसरी आणि वर उतरते कौलारू छप्पर, असा त्यांचा साधारण बांधा. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला. त्यानंतर कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने जी कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांत नागपूर-वऱ्हाडाकडची मराठी कुटुंबेही होती. आज अशा घरांपुढे प्रश्न एकच असतो. माणसे वाढली, मुलांना अभ्यासाला वेगळी जागा हवी आणि अंगणात खोली काढायला वाव उरलेला नाही. मग नजर वर जाते. कौलांखाली मोठी पोकळी रिकामी पडलेली दिसते आणि तिथे फळ्या टाकल्या की खोली तयार, असे वाटू लागते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की माळ्यावर राहती जागा करण्याचा विचार वरच्या पोकळीपासून सुरू करू नये, खालच्या भिंतीपासून करावा. भिंतींच्या माथ्यावर आज जेवढे वजन आहे त्यात भर पडणार नसेल आणि नवा मजला त्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणार असेल, तर अशी खोली जुन्या घराचे आयुष्य वाढवते. या दोन अटी पाळता येत नसतील, तर तो बेत सोडून देणेच बरे.

ही सावधगिरी राइट टाउनसाठी विशेष का, याचे उत्तर २२ मे १९९७ च्या पहाटेने दिले आहे. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास शहराच्या आग्नेयेला कोसमघाटजवळ, जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर भूकंप झाला. तीव्रता ५.८ ते ६ च्या दरम्यान, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरीही सुमारे चाळीस माणसे दगावली आणि हजारो घरांना तडे गेले. नर्मदा-सोन खोऱ्यातून जाणारी भूभंगांची रेषा शहराच्या अगदी जवळ आहे. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २००२ च्या नकाशात जबलपूर भूकंपाच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे मुंबई-पुण्याच्याच रांगेत होते. मदनमहालच्या टेकडीवरची तोलून धरलेली शिळा त्या पहाटे हलली नाही, ही गोष्ट शहरात अभिमानाने सांगितली जाते आणि तिच्यावरून येथील जमीन भक्कम असल्याचा निष्कर्षही काढला जातो. तो बरोबर नाही. ती शिळा एकसंध आहे आणि खडकावर बसली आहे. घर शेकडो विटांच्या थरांचे असते. त्यांना धरणारा चुना कालांतराने भुसभुशीत होतो आणि खाली बऱ्याच ठिकाणी काळी माती किंवा गाळ असतो. शिळेच्या टिकण्यावरून घराच्या टिकण्याबद्दल काहीच कळत नाही.

विटांचे घर भूकंपात कसे मोडते, हे समजले की माळ्याचा प्रश्न आपोआप स्पष्ट होतो. भिंत तिच्या लांबीच्या दिशेने ढकलली तर बराच जोर सोसते, पण रुंदीच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या अंगाला ढकलली की लवकर हार मानते. वरचे टोक मोकळे असलेली उंच भिंत तर सर्वांत आधी बाहेर झुकते. छपराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती, कठडे आणि कोपरे पहिल्यांदा सुटतात ते यामुळेच. हा ढकलण्याचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. मानकातील गणिताने तिसऱ्या विभागातल्या साध्या, काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या नसलेल्या विटांच्या बैठ्या घरासाठी तो वजनाच्या सुमारे १३ टक्के धरावा लागतो. वजन जितके उंचावर, तितका त्याचा उपद्रव अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने हे मराठी मुलखाला फार मोठी किंमत घेऊन शिकवले. तिथली माळवदे जाड मातीच्या थरांची होती, दर काही वर्षांनी त्यांवर नवी माती पडत गेली होती आणि खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या वजनाखाली. त्याच किल्लारीत दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सलग फिरवलेली काँक्रीटची पट्टी असलेले एक घर जवळपास अभंग उभे राहिले. अभियंते आजही त्या घराचे छायाचित्र विद्यार्थ्यांना दाखवतात. वजन कमी आणि भिंती बांधलेल्या, एवढ्या दोन गोष्टींवर घर तरते.

आता वजनाचा जमाखर्च मांडून पाहू. ५ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब असा घराचा मुख्य भाग धरा. उतार आणि वळचण मिळून त्याच्या छपराचे क्षेत्र ८० चौरस मीटरच्या आसपास भरते. त्यावर देशी नळीची कौले दुहेरी थरात असतील, तर रिपांसह त्यांचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो धरतात, म्हणजे एकूण साडेनऊ टनांच्या पुढे. तीच जागा मंगलोरी कौलांनी झाकली तर दर चौरस मीटरला साधारण ६५ किलो, एकूण पाच टनांच्या थोडे वर. कौले बदलल्यानेच भिंतींच्या माथ्यावरून सुमारे साडेचार टन उतरतात. ही झाली जमा. खर्चाच्या बाजूला वीस चौरस मीटरचा लाकडी किंवा हलक्या पोलादी तुळयांवर प्लायचा मजला घ्या, दर चौरस मीटरला ६० किलोप्रमाणे सव्वा टन. छपराच्या आतले अस्तर, उष्णतारोधक थर आणि एखादा हलका पडदा मिळून आणखी एक टनाच्या आत. राहत्या खोलीच्या वापराचा भार दर चौरस मीटरला २०० किलो धरतात आणि तुळया तेवढ्यासाठीच आखायच्या असतात. भूकंपाच्या गणितात मात्र त्याचा चौथा हिस्सा घेतात, म्हणून तो एक टन. सगळे मिळून सव्वातीन टन होतात आणि साडेचार टनांच्या बचतीत ते मावतात. आता त्याच वीस चौरस मीटरवर बारा सेंटीमीटरचा काँक्रीटचा स्लॅब आणि वर फरशी घातली, तर नुसते मृत वजनच आठ टन होते. भूकंपात त्यामागे एक टनाहून अधिक आडवा धक्का भिंतींच्या वरच्या भागावर येतो. ज्या घरावर आधीच मंगलोरी कौले किंवा पत्रे आहेत तिथे ही साडेचार टनांची बचत हाती लागणार नाही. तिथे भर पडणाऱ्या प्रत्येक टनासाठी भिंती आधी मजबूत कराव्या लागतात, आणि नियोजनात हा खर्च पहिल्या पानावर लिहायला हवा.

यावर जाणकार वाचक हरकत घेईल, की घराचे खरे वजन भिंतींचे असते, छपराचे नव्हे. हे खरे आहे. गिलाव्यासह नऊ इंची भिंत दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या पुढे भरते आणि तेवढ्या घराच्या भिंती सहज पन्नास-साठ टनांच्या होतात. मग दोन-चार टनांची काय मातब्बरी? उत्तर असे, की भिंतीचे वजन तिच्या पूर्ण उंचीवर पसरलेले असते आणि त्यातले निम्मे खालच्या अर्ध्यात असते. छपराचे आणि माळ्याचे वजन मात्र भिंत जिथे सर्वांत सुटी आहे, नेमके तिथे बसते. भिंतींचे वजन आपण कमी करू शकत नाही, माथ्यावरचे करू शकतो. शिवाय हीच हरकत उलट बाजूने पाहिली तर माळ्याच्या बाजूची मोठी गोष्ट हाती लागते. भिंती इतक्या जड असतील, तर त्यांना वरून धरून ठेवणारे काहीतरी हवे. जुन्या कौलारू घरात ते नसते. वासे भिंतीवरच्या लाकडावर नुसते टेकलेले असतात. माळ्याचा नवा मजला प्लायच्या तक्त्यांचा असेल, तक्ते तुळयांना जवळजवळच्या खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी पक्के केले असतील आणि मजल्याच्या चारही कडा भिंतींतून आरपार गेलेल्या बोल्टांनी व बाहेरच्या पट्ट्यांनी जखडल्या असतील, तर तो आडवा ताठ पडदा होतो आणि चारही भिंतींना एकत्र हलायला लावतो. घराला तो कमरपट्ट्यासारखा कसून धरतो. आयएस १३९३५ हे विटांच्या जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचे मानक हेच काम पट्ट्या आणि बांधणीने करायला सांगते. एरवी नुसत्या मजबुतीसाठी कुणी घर उघडत नाही. खोलीच्या निमित्ताने छप्पर उतरतेच, तर त्या काळात भिंतींच्या माथ्यावर पट्टी फिरवणे हे त्या घराच्या आयुष्यात क्वचित येणारे सोयीचे काम असते.

आता भूमिती, कारण बहुतेक बेत येथेच अडतात. इंग्लंडमधल्या घरांच्या पोटमाळ्यांत खोल्या करण्याची जी चित्रे आपण पाहतो, त्यांतली अनेक छपरे चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उताराची असतात. आपल्याकडची कौले तीस अंशांच्या आसपास बसवतात. पाच मीटर रुंदीवर तीस अंशांचा उतार दिला, तर भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची फक्त १.४४ मीटर भरते. त्या पोकळीत माणूस उभा राहू शकत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सामानाच्या माळ्याला जास्तीत जास्त दीड मीटर उंची देते, आणि या पोकळीची योग्यता तेवढीच आहे. मग राइट टाउनच्या घरांत जागा येते कुठून? ती खालच्या उंच खोलीतून येते. खोली चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटर उंच असेल, तर खाली २.७५ मीटर मोकळे ठेवून आणि मजल्याची जाडी पाव मीटर धरून नवी जमीन तीन मीटरवर येते. तिच्यावर सव्वा मीटर भिंत उरते आणि मध्यभागी, अस्तराची जाडी वजा जाता, अडीच मीटर उंची मिळते. हे खरे उपयोगी माप. तरीही संहितेतल्या राहत्या खोलीच्या अटीत ते बसत नाही, कारण उतरत्या छपराखाली सरासरी २.७५ मीटर उंची हवी. ते बसते मधल्या मजल्याच्या व्याख्येत. त्याला २.२ मीटर उंची पुरते, पण त्याचे क्षेत्र जोत्याच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून अधिक चालत नाही. म्हणून तिथे मजल्याची आखणी अशी करावी, की उंची कमी पडणारी कड कपाटे, पुस्तके आणि अंथरुणे घेतील आणि वावर मधल्या पट्ट्यात राहील. खोलीची उंची अकरा फुटांच्या आत असेल तर माझे मत स्पष्ट आहे. तिथे सामानाचा माळा ठेवावा आणि माणसांसाठी दुसरा मार्ग शोधावा.

या मापातून सर्वांत धोक्याची अडचण निघते. कैचीची खालची आडवी तुळई, म्हणजे दोन बाजूंच्या वाशांना ओढून धरणारे लाकूड, भिंतीच्या माथ्याच्या पातळीवर असते. नवी जमीन सव्वा मीटर खाली आली, की ती तुळई बरोबर कमरेच्या वर, छातीच्या खाली आडवी येते. मिस्त्रीच्या हातात करवत असते आणि घरच्यांना चालायला वाट हवी असते, म्हणून ती कापली जाते. छप्पर त्या दिवशी पडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटते की ती निरुपयोगी होती. पण वासे आता खाली सरकू पाहतात आणि भिंतींना बाहेर रेटतात. पावसाळ्यात कौले पाणी पितात, जड होतात आणि रेटा वाढतो. काही वर्षांत कोपऱ्यात उभी भेग दिसू लागते, वर रुंद आणि खाली निमुळती. भूकंपाची वाट पाहण्याची गरजच राहत नाही. तुळई थोडी वर चढवून लावणे हा अर्धा उपाय आहे. ती जितकी वर जाते तितका तिच्यावरचा आणि वाशांवरचा ताण वाढतो. पुरा उपाय म्हणजे आढ्याखाली पोलादी तुळई घालणे. ती आडव्या भिंतींवर किंवा जमिनीतून नव्या पायावर उभ्या केलेल्या खांबांवर टेकवायची आणि वासे तिच्यावर लटकवायचे. मग बाहेरचा रेटा उरत नाही आणि मधली वाट मोकळी होते. हे काम अभियंत्याच्या आकडेमोडीशिवाय करू नये. दुसरा, स्वस्त उपाय मला अधिक आवडतो. कैच्या जिथे आहेत तिथेच ठेवायच्या, दोन कैच्यांमधले गाळे निजायला, अभ्यासाला असे वेगवेगळे वापरायचे आणि सामान्य वावर एका बाजूने ठेवायचा. त्यात थोडी वाकून चालण्याची गैरसोय आहे, पण छप्पर जसे होते तसे राहते. उपाय कोणताही घ्या, नव्या जमिनीच्या वर उरलेली सव्वा मीटर भिंत माथ्यावर मोकळी राहता कामा नये. पट्टी मजल्याच्या पातळीवर एक आणि छपराच्या पातळीवर एक, अशा दोन हव्यात.

जिना हा विषय आराखड्यात शेवटी येतो आणि म्हणूनच तो खोली बिघडवतो. तीन मीटर चढायला एकोणीस सेंटीमीटरच्या सोळा उंच्या लागतात, पंचवीस सेंटीमीटरच्या पायऱ्या धरल्या तर पावणेचार मीटर लांबी. नव्वद सेंटीमीटर रुंदीचा असा जिना खालच्या वीस चौरस मीटरच्या खोलीचा सहावा हिस्सा खातो. शिवाय मजल्याला पडलेले भोक ज्या भिंतीला लागून असेल, तिचा मजल्याशी असलेला बांध तिथे तुटतो. म्हणून जिना लांब बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मधल्या आडव्या भिंतीलगत घ्यावा. मागची ओसरी रुंद असेल तर तिथून वर चढावे.

उन्हाळ्याबद्दलची हरकत सर्वांत रास्त आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो. शहर २३ अंशांच्या थोडे उत्तरेला, कर्कवृत्ताच्या अगदी खाली आहे. २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतींपेक्षा छपराला कितीतरी अधिक ऊन लागते. कौलांखालची पोकळी आजवर हे ऊन झेलत आली. कौलांच्या फटींतून गरम हवा निसटत असे आणि खालची खोली थंड राहत असे. तिथे माणूस राहायला गेला की ही ढाल नाहीशी होते. नुसता पंखा आणि वातानुकूलन यंत्र हे याचे उत्तर नव्हे. कौलांखाली पाच-सहा सेंटीमीटरचा हवेचा मार्ग मोकळा ठेवायचा, वळचणीला त्याचे तोंड आणि आढ्याला बाहेर पडायची फट द्यायची, त्याखाली चकचकीत पन्नी आणि खनिज लोकरीचा थर, आणि मग खोलीचे अस्तर, अशी रचना केली तर जुनी ढाल हातभर वर सरकते, संपत नाही. छपरात उंचवट्याच्या खिडक्या काढण्याचा मोह टाळावा. त्या वासे कापतात आणि चार महिन्यांत वर्षाचा बहुतेक पाऊस पडणाऱ्या शहरात त्यांचे सांधे गळतात. उजेड हवा असेल तर काचेची कौले आहेत. वारा हवा असेल तर दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर लहान खिडक्या घ्याव्यात, मात्र त्या भिंतींना उतारालगत पट्टी देऊनच. एवढे करूनही मे महिन्यातली दुपार वर कठीणच जाईल. ती जागा रात्रीची आणि वर्षातल्या उरलेल्या महिन्यांची, असे धरून चालावे. केवळ हलके म्हणून पत्रे घालू नयेत. ऊन आणि पावसाचा आवाज यांमुळे ती खोली पुन्हा अडगळीची होते.

उरतो तो सर्वांत जोरकस आक्षेप. एवढी खटपट कशाला, जुने घर पाडून तीन मजले काढावेत, शहरभर तेच चालले आहे. ज्या कुटुंबाला खरोखर तीन बिऱ्हाडांची जागा हवी, त्याने नवे घर, नव्या पायावर, मानकाप्रमाणे बांधावे. माळ्यातून ते साधणार नाही आणि जुन्या भिंतींवर स्लॅब टाकून तर मुळीच नाही. पण नवे काँक्रीट म्हणजे आपोआप सुरक्षित, हेही १९९७ ने खोटे ठरवले. जबलपुरात खालचा मजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेल्या काही नव्या बहुमजली इमारतींच्या तळमजल्याचे खांब त्या पहाटे वाईट फुटले, आणि आयआयटी कानपूरच्या अभ्यासकांनी ते नोंदवून ठेवले आहे. ज्याला दोन माणसांची जागा हवी आहे, त्याने त्यासाठी दोन फूट जाडीचे जोते, उंच खोल्या आणि सावलीची ओसरी पाडून टाकावी, हे मला पटत नाही.

प्रत्यक्ष सुरुवात पावसाळ्यात करावी, हातात ओळंबा आणि एक खिळा घेऊन. छप्पर कुठे गळते ते त्याच दिवसांत दिसते आणि वाशांची टोके भिंतीत कुजली आहेत का, वाळवी लागली आहे का, तेही तेव्हाच कळते. ओळंबा सोडून प्रत्येक लांब भिंत किती झुकली आहे ते लिहून ठेवावे. आतून दोन-तीन ठिकाणी गिलावा काढून विटांच्या सांध्यात खिळा रुतवावा. तो हाताने सहज आत गेला तर सांधा चुन्याचा नसून मातीचा आहे, किंवा चुना मेला आहे. अशा भिंतीवर माळ्याची खोली करू नये, आधी भिंतीचे काम करावे. पाया दोन ठिकाणी खणून त्याची रुंदी आणि खालची माती पाहावी. ही माहिती घेऊन बांधकाम अभियंत्याकडे जावे आणि त्याच्याकडून खोलीच्या चित्राआधी वजनाचा तक्ता मागावा, आज माथ्यावर किती आणि काम झाल्यावर किती. नगर निगमकडे नकाशा मध्यप्रदेश भूमी विकास नियम २०१२ प्रमाणे मधला मजला म्हणून दाखल करावा, डागडुजी म्हणून नव्हे. नंतर विक्रीच्या वा वाटणीच्या वेळी कागद आणि घर जुळायला हवेत. कौले दिवाळीनंतर उतरवावीत, पट्ट्या आणि तुळया थंडीत बसवाव्यात आणि होळीपर्यंत छप्पर पुन्हा झाकलेले असावे. उतरवलेली चांगली देशी कौले ओसरीसाठी राखून ठेवावीत, तिथे त्यांचे वजन घराच्या मुख्य भिंतींच्या माथ्यावर येत नाही.